एक स्लॉट मोकळा असता तर

"सोळा जीबीच्या खाली बघायचंच नाही," हौशी भाऊ म्हणाला, "आणि जमलं तर बत्तीस. भाची इंजिनीअरिंगला चाललीय, चार वर्षं तोच लॅपटॉप पुरवायचाय. प्रोसेसर एक पिढी मागचा चालेल, स्क्रीन जरा साधी चालेल, पण रॅम कमी पडली की सगळंच अडतं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. कोठीत पोत्यानं धान्य असू दे, शेगडी चार बर्नरची असू दे, ओटा दीड फुटाचा असेल तर कणकेची परात खाली ठेवल्याशिवाय भाजी चिरता येत नाही. बाईचे हात थांबलेले नसतात, पण निम्मा वेळ उचल-ठेव करण्यात जातो. लॅपटॉप हँग झाला असं आपण म्हणतो ना, तेव्हा बऱ्याचदा आत हीच उचल-ठेव चाललेली असते."

"उपमा चांगली आहे," शंकेखोर बहीण म्हणाली, "पण ओटा मोठा असला की त्यावर काय जमतं तेही सांग. लोणच्याच्या बरण्या, दुरुस्तीला न्यायचा राहिलेला मिक्सर, परवाचं वर्तमानपत्र. माझा लॅपटॉप आठ जीबीचा. सहा वर्षं झाली. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, शेजारी व्हॉट्सॲप. चालतंय की. तुझ्याकडे बत्तीस आहे आणि ब्राउझरमध्ये सत्तर टॅब. त्यातल्या साठांकडे तू महिनाभर ढुंकूनही पाहिलेलं नसतं. मग तुला रॅम जास्त लागते म्हणून तू ती घेतलीस, की आहे म्हणून लागते?"

तिचा हा प्रश्न खोचक असला तरी पोकळ नव्हता, आणि त्याला आकड्यांचा आधारही होता. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा तिला किमान ६४ एमबी रॅम पुरायची. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. म्हणजे वीस वर्षांत बरोबर ६४ पट. आणि हा नुसता उंबरठा. ४ जीबीवर विंडोज ११ चालवून पाहिलेला माणूस दुसऱ्याला तसा सल्ला सहसा देत नाही.

"६४ पट," बहीण म्हणाली. "या वीस वर्षांत माझं काम किती पट वाढलं? तेव्हाही मी पक्क्या बिलांच्या नोंदी करत होते, आजही तेच. पत्र तेवढंच, ताळेबंद तेवढाच. पास्कल ही भाषा तयार करणाऱ्या निक्लाउस विर्थनं १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की यंत्रं जेवढी वेगवान होतात त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर सुस्तावत जातं. लोक त्याला विर्थचा नियम म्हणतात. तू ज्याला भाचीची गरज म्हणतोस, ती पुष्कळदा कुठल्यातरी प्रोग्रॅमरची सोय असते. व्हॉट्सॲपचंच घे. विंडोजसाठी त्याचं वेगळं, खास विंडोजच्या बांधणीचं ॲप होतं. २०२५ च्या शेवटी ते काढून जवळपास वेबसाइटच एका चौकटीत बसवून दिली, आणि रॅम आधीपेक्षा जास्त खायला लागलं. मी मात्र त्यावर पूर्वीसारखाच अंगठा पाठवते. तो अंगठा पाठवण्यासाठी मी आठाचे सोळा करू?"

"विर्थ बरोबरच होता. म्हणून काय भाचीचा लॅपटॉप हँग होऊ द्यायचा? ॲप कसं बांधायचं ते ठरवणारी माणसं वेगळी आणि त्याचा भार सोसणारी वेगळी. कंपनीला एकच सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालवायचं असतं. त्यासाठी ती ॲपबरोबर अख्खा ब्राउझर बांधून देते. स्लॅक तसंच, व्हीएस कोड तसंच. क्रोम २००८ मध्ये आला तेव्हा त्यानं प्रत्येक टॅबला स्वतंत्र प्रोसेस दिली. एक साइट कोसळली तरी बाकीच्या उभ्या राहाव्यात आणि एकीला दुसरीत डोकावता येऊ नये, हे त्यामागचं कारण. बँकेचा टॅब आणि कसल्यातरी फुकट सिनेमाचा टॅब शेजारी उघडे असताना त्यांच्यात भिंत असलेली तुलाही हवीच असते. त्या भिंतीला रॅमच लागते. सगळं उधळपट्टीच्या खात्यावर टाकू नकोस, त्यात थोडा सुरक्षिततेचाही खर्च आहे."

हा मुद्दा बहिणीनं मान्य केला. तिचं पुढचं म्हणणं साधं होतं. भिंतींचा खर्च असो की उधळपट्टीचा, अंदाज कशाला बांधायचा? मोजावं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की आकडा समोर येतो. तिनं मोजलाही होता: नेहमीचं काम चालू असताना ८ पैकी ६.१ जीबी. (खरं तर आठातलेही पूर्ण आठ हाती येत नाहीत. प्रोसेसरसोबतचं ग्राफिक्स थोडा वाटा आधीच बाजूला काढतं, म्हणून वापरण्याजोगी ७.७ की कायसं लिहिलेलं असतं.) सहा लागतात, आठ आहेत, प्रश्न मिटला.

"हाच आकडा फसवतो. माझ्या बत्तीसच्या मशिनवर अगदी तुझंच काम उघड, टॅली, एक्सेल, बारा टॅब. तिथे नऊ-दहा जीबी वापरात दिसेल. तेवढंच काम, आकडा निराळा. कारण रॅम रिकामी ठेवण्यात यंत्राला काही मिळत नाही. रॅम मुबलक असली की सॉफ्टवेअर पाय पसरतं, कमी असली की अंग चोरून बसतं. म्हणजे तुझे सहा हे गरजेचे सहा नव्हेत, अंग चोरल्यावरचे सहा आहेत. पत्र्याच्या ट्रंकेत कपडे दाबून बसवले आणि झाकण लागलं, म्हणून ट्रंक पुरेशी आहे असं म्हणायचं का?"

"झाकण लागलं असेल तर हो."

"बरं. मग आकडा कुठला बघायचा ते सांगतो. त्याच पानावर 'कमिटेड' नावाचा दुसरा आकडा असतो. सगळ्या प्रोग्रॅमना मिळून देऊ केलेली जागा, मग ती रॅममध्ये असो की डिस्कवर. तो रॅमपेक्षा बराच वर गेला असेल आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना क्षणभर अडखळत असेल, तर झाकणावर कुणीतरी बसलंय असं समज. मॅकवर हे जास्त सरळ दाखवतात, मेमरी प्रेशर म्हणून आलेख असतो. हिरवा, पिवळा, लाल."

या अडखळण्यावर जरा थांबायला हवं, कारण दोघांच्या वादाची मेख तिथे आहे. रॅममधली गोष्ट प्रोसेसरच्या हाती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. ती तिथे नसली आणि चांगल्या एसएसडीवरून आणावी लागली, तर साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. जुनी फिरती हार्ड डिस्क असली तर १० मिलिसेकंदांच्या घरात, लाखपट. माणसाच्या मापात बोलायचं तर रॅममधून आणायला एक सेकंद लागला असं धरू. एसएसडीवरून सोळा-सतरा मिनिटं लागतील. हार्ड डिस्कवरून मागवलं तर आज सकाळी सांगितलेलं उद्या दुपारी पोचेल.

बहिणीनं नेमकं हेच आपल्या बाजूला ओढून घेतलं. "म्हणजे रॅम कमी पडल्याची शिक्षाच शंभरपटीनं हलकी झाली. २०१४ चा माझा आधीचा लॅपटॉप आठवतो? ४ जीबी आणि हार्ड डिस्क. मार्चअखेरीला एक्सेल उघडायला टाकून मी चहा करून यायचे. तुझ्याच सांगण्यावरून दुरुस्तीवाल्याकडे नेला. रॅम आधी वाढवू का असं मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम, पहिल्यांदा एसएसडी टाका, मग बघू. एसएसडी टाकली आणि मशीन बदलल्यासारखं वाटलं. पुढे वर्षभरानं ४ ची एक स्टिक घातली, तेव्हा फरक पडला, पण एवढा नाही. याचा अर्थ हाताशी पैसे मोजके असतील तर ते रॅमवरच लावावेत हे काही ठरलेलं नाही. भाचीला ५१२ ची एसएसडी, टिकाऊ बिजागरी, सहा-सात तास चालणारी बॅटरी आणि डोळ्यांना न खुपणारी स्क्रीन मिळाली, तर त्यापायी मी आठ जीबी पत्करेन."

(दुकानात 'मेमरी ५१२' असं म्हणतात तेव्हा ती ही एसएसडी असते. मोबाइलच्या जाहिरातींतल्या '८ अधिक १२८' नं हा गोंधळ घराघरांत पोचवलाय. या लेखातली मेमरी म्हणजे आठाची बाजू.)

"ती स्टिक घातली तेव्हा मी तुझ्याबरोबर होतो," भाऊ म्हणाला. "दुरुस्तीवाल्यानं मागचे स्क्रू काढले, पातळ प्लास्टिकच्या पट्टीनं कड उचकटली. आत एक स्टिक बसलेली, शेजारचा स्लॉट मोकळा. दोन्ही बाजूंच्या चिमट्या नखानं बाहेर ओढल्या तशी जुनी स्टिक आपोआप तिरकी वर आली. त्यानं खिशातून शाळेतलं खोडरबर काढलं, सोनेरी दातांवरून चार वेळा फिरवलं आणि फुंकर मारली. मग दोन्ही स्टिका तिरक्या घालून खाली दाबल्या. कट्. कट्. दहा मिनिटांचं काम. तू २०१४ मध्ये ४ जीबी घेतलीस आणि ते चुकलं नाही, याचं कारण तो मोकळा स्लॉट. किती रॅम लागेल हा प्रश्न तू तीन वर्षं पुढे ढकललास आणि लागली तेव्हा, लागली तेवढी घातलीस. आता भाचीसाठी तू जे लॅपटॉप बघतेयस त्यांतल्या निम्म्यांत ती सोयच नाही. रॅमच्या चिपा थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या असतात. टास्क मॅनेजरमध्ये 'फॉर्म फॅक्टर' पुढे 'सोडिम' लिहिलेलं असेल तर स्टिक आहे, 'रो ऑफ चिप्स' असेल तर जे घेतलं ते शेवटपर्यंत. २०१४ चा तुझा शहाणपणा इथे चालायचा नाही."

"हे कंपन्यांनी का केलं ते आपल्याला ठाऊक आहे. दुकानात आठ जीबीची स्टिक दोन-तीन हजारांत मिळत होती, तेव्हा ॲपल भारतात आठाचे सोळा करायला वीस हजार घेत होतं. मॅकबुक एअर २००८ मध्ये आला तेव्हापासून त्यात रॅम डाग दिलेली. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोपासून तिथेही. मग बाकीचे शिकले. स्लॉट काढला की गिऱ्हाईक बाजारात जात नाही, काउंटरवरच दुप्पट-चौपट मोजतं. आणि मोजतं ते भीतीपोटी. तुझ्या या सोळा-बत्तीसच्या आग्रहात माहिती किती आणि भीती किती?"

"भीती आहे, नाही कशाला म्हणू? वीस हजारांचं समर्थन मी करणार नाही. पण डाग देण्यामागे नुसता नफा आहे असंही नाही. पातळ लॅपटॉपात एलपीडीडीआर जातीची, म्हणजे मोबाइलमधल्या जातीची रॅम असते. ती कमी विजेवर चालते, वेग जास्त. त्या वेगाला प्रोसेसर आणि रॅम यांच्यातली वाट आखूड आणि स्वच्छ लागते. स्लॉट आला की वाट लांबते, मध्ये सांधा येतो, संदेशात खरखर शिरते. फ्रेमवर्क नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. प्रत्येक भाग बदलता येईल असे लॅपटॉप करणं हाच तिचा धंदा. तिनं २०२५ मध्ये एक डेस्कटॉप आणला आणि त्यात रॅम डाग दिलेली. त्यांनी एएमडीबरोबर बसून प्रयत्न केला, पण त्या प्रोसेसरला हवा तो वेग स्टिकमधून मिळेना. ज्यांचं अख्खं नाव दुरुस्तीवर उभं आहे त्यांच्यावरही ही वेळ आली. इंटेलनं २०२४ मध्ये एका प्रोसेसर-मालिकेत रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच बसवली, फक्त १६ किंवा ३२. पुढे कंपनीच्या प्रमुखानंच सांगितलं की हे एकदाच, पुन्हा असं करणार नाही. म्हणजे त्यांनाही ते महागात पडलं. कॅम्म-२ नावाची नवी, आडवी बसणारी, स्क्रूनं घट्ट होणारी स्टिक २०२३ च्या अखेरीला प्रमाणित झालीय, एलपीडीडीआरसुद्धा त्यात बसते. पण आपल्या बजेटातल्या लॅपटॉपात ती मला अजून दिसलेली नाही."

बहीण इथे थोडी नरमली. नफा आणि भौतिकशास्त्र एकाच दिशेला ओढत असतील, तर कुणावर चिडावं हे कळत नाही. मात्र तिनं दुसरीकडून सुरुवात केली.

"तू म्हणतोस चार वर्षांचं आजच ठरव. चार वर्षांचं कुणाला कळलंय? ॲपलच्याच गोष्टी ऐक. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी मॅकबुक प्रो आणला, ८ जीबीचा. लोक ओरडले. तर पुढच्याच महिन्यात त्यांचा एक वरिष्ठ अधिकारी म्हणाला की आमचे आठ म्हणजे इतरांचे बहुधा सोळाच. वर्षभरानं, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच कंपनीनं एअरची किंमत तीच ठेवून आठाचे सोळा केले. सप्टेंबरमध्ये ज्यानं वीस हजार जास्त देऊन सोळा घेतले, त्याला भविष्य कळलं होतं की तो फसला?"

"आणि सप्टेंबरमध्ये ज्यानं आठ घेतले त्याचं काय? तो जास्त फसला. कंपनीनंच वर्षभरात कबूल केलं की आठ पुरत नाहीत."

"कबूल कुठे केलं? आठ पुरत होतेच. त्यांना स्वतःची एआयची सोय बसवायची होती, त्यासाठी जागा हवी होती. मायक्रोसॉफ्टनंही मे २०२४ मध्ये तेच केलं. कोपायलट प्लस पीसी म्हणवून घ्यायचं तर किमान १६ जीबी. गिऱ्हाइकाची गरज वाढल्यामुळे हे झालेलं नाही. घरमालकानंच आपलं सामान आपल्या खोलीत आणून ठेवलं आणि वर म्हणाला, बघा, खोली लहान पडतेय."

हे वाक्य चपखल होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. आठ सोळासारखे या दाव्यात थोडं तथ्य होतं. मॅक वापरात नसलेली रॅम दाबून लहान करतो, त्याची एसएसडी वेगवान असते आणि प्रोसेसर व ग्राफिक्स एकच रॅम वाटून घेतात. विंडोजही २०१५ पासून असं दाबणं करते. पण दाबून सगळंच लहान होत नाही. फोटो, व्हिडिओ फारसे दबत नाहीत. त्यामुळे हिशेब लिहिणाऱ्याला मॅकचे आठ दहा-अकरासारखे वाटतील, व्हिडिओ जोडणाऱ्याला मात्र आठासारखेच. एकाच आकड्याचा दोघांना येणारा अनुभव एवढा वेगळा असू शकतो, आणि जाहिरात दोघांना एकच ऐकवली जाते.

"शिवाय," बहीण म्हणाली, "थांबलं की स्वस्त होतं, हा या बाजाराचा इतिहास आहे. पुढच्या वर्षी रॅम आजच्यापेक्षा स्वस्तच असते."

"होती," भाऊ म्हणाला. "आता बघ. जगातली बहुतेक सगळी रॅम तीन कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. २०१७ मध्ये भाव चढले, २०१९ मध्ये उतरले. २०२३ मध्ये एवढे कोसळले की तिघींनाही चिपांच्या धंद्यात तोटा सोसावा लागला. मग एआयची डेटा सेंटरं आली. त्यांना एचबीएम लागते, थरावर थर रचलेली रॅम. तेवढ्याच जीबीसाठी तिला साध्या रॅमच्या जवळपास तिप्पट वेफर, म्हणजे चिपा ज्यातून कापतात त्या चकत्या, खर्ची पडतात. कंपनी तिकडे वळणारच, पैसा तिकडे आहे. २०२५ च्या उत्तरार्धात साध्या स्टिकांचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबरात मायक्रॉननं जाहीर केलं की क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड आम्ही बंद करतोय. जवळपास तीन दशकं चाललेला ब्रँड. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ज्यानं ज्यानं कधी रॅम घेतलीय त्याला तो निळा-पांढरा खोका आठवेल. म्हणजे कांद्यासारखंच, गेल्या हंगामात रस्त्यावर ओतला म्हणून या हंगामात स्वस्त मिळेल असं नाही."

"आपल्याकडे गुजरातेत साणंदला कारखाना आहे ना मायक्रॉनचा?"

"तिथे चिपा कापणं, बांधणं आणि तपासणं. वेफर बाहेरूनच येतं. भाव साणंदला ठरत नाहीत."

भावानं हा मुद्दा आपल्या बाजूचा म्हणून मांडला खरा, पण त्याला दुसरीही धार होती आणि ती बहिणीला लगेच दिसली. "भाव चढलेले असतील तर आज सोळाचे बत्तीस करायला सगळ्यात जास्त पैसे मोजावे लागतील. तुझा आग्रह आणि भाव दोन्ही एकदमच वाढलेत. आणि मला एक सांग. आठाऐवजी सोळा घ्यायला तू जी कारणं दिलीस, म्हणजे नंतर वाढवता येत नाही, सॉफ्टवेअर फुगतं, चार वर्षं जायचीत, त्यातलं एक तरी कारण सोळाऐवजी बत्तीसला लागू पडत नाही का? आणि बत्तीसऐवजी चौसष्टला? तुझ्या म्हणण्याला खाली जमीन आहे, वर छप्पर नाही."

भाऊ जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझ्या म्हणण्याला जमीन नाही. सहा वर्षं आठ पुरले म्हणतेस. त्याच तर्कानं २०१४ मध्ये चार पुरत होते, त्याआधी दोन."

"मान्य. मग छप्पर कशानं ठरायचं?"

"कामानं. एकेक घेऊ. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायचा तर गूगल स्वतः १६ जीबी सांगतं, त्यात आठावर रडारड ठरलेली. सॉलिडवर्क्सला १६ किंवा जास्त. ते मॅकवर थेट चालत नाही, हेही लक्षात ठेव. ऑटोकॅडला किमान ८, पण शिफारस ३२ ची. लॅपटॉपच्या आत दुसरा लॅपटॉप चालवल्यासारखं असतं ना, व्हर्च्युअल मशीन, त्याला चार-आठ जीबी वेगळे काढून द्यावे लागतात आणि ते चालू असेपर्यंत परत मिळत नाहीत. आणि भाषेचं मॉडेल स्वतःच्या मशिनवर चालवायचं असेल तर गणित सोपं आहे. आठ अब्ज पॅरामीटर, प्रत्येकाला अर्धा बाइट, म्हणजे चार जीबी फक्त मॉडेलला. सत्तर अब्जाचं असेल तर पस्तीस. त्यापुढे माझं बत्तीसचं मशीनसुद्धा हात टेकतं. प्रत्येक कामाला छप्पर आहे. सगळ्या कामांचं मिळून एक छप्पर नाही, एवढंच."

"मग तिचं काम कुठलं?"

यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं, कारण भाचीकडेच नव्हतं. इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागायची होती. पर्याय भरताना तिनं कॉम्प्युटर पहिलं टाकलं होतं, मेकॅनिकल तिसरं, आणि गुणांचा अंदाज दोघांच्या मध्ये कुठेतरी पडत होता. कॉम्प्युटर मिळालं तर एम्युलेटर आणि व्हर्च्युअल मशीन. मेकॅनिकल मिळालं तर सॉलिडवर्क्स, आणि त्याला रॅमबरोबर ग्राफिक्सही हवं. पहिल्या वर्षी मात्र दोन्हीकडे मुख्यतः पीडीएफ, थोडंसं कोडिंग आणि असाइनमेंटचे फोटो, आणि त्याला आठही भरपूर. म्हणजे जड काम असलंच तर ते दुसऱ्या वर्षापासून, आणि ते कुठलं हे कळणार लॅपटॉप घेतल्यावर.

"म्हणूनच सोळा," भाऊ म्हणाला.

"म्हणूनच आठ आणि एक मोकळा स्लॉट," बहीण म्हणाली. "मी तुझं सगळं ऐकून घेतलं. डाग दिलेली असेल तर आजच ठरवावं लागतं, हे तुझं म्हणणं मला पटलं. मग डाग दिलेली घ्यायचीच कशाला? बोर्डावर आठ आणि शेजारी एक स्लॉट असे लॅपटॉप मिळतात. दुसऱ्या वर्षी काय ते कळलं की आठाची एक घालू. भाव तोवर उतरलेले असले तर आपला फायदा."

"आणि चढलेले असले तर?"

"तर तेव्हा जास्त देईन, पण निदान कशासाठी देतेय ते माहीत असेल. आज मी दिले तर भीतीपोटी देईन. आणि दुसऱ्या वर्षी कळलं की तिला आठच पुरतात, तर काहीच देणार नाही. तुझ्या सोळात ही शेवटची शक्यताच नाही."

भावानं एक तांत्रिक कबुली दिली, तीही बहिणीच्या बाजूची. आठ आणि आठ अशा दोन जागी बसवलेल्या रॅमला प्रोसेसरकडे जायला दोन वाटा मिळतात. एकाच स्टिकवरच्या सोळाला एकच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपात हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅममधून खातं. तेव्हा मोकळ्या स्लॉटचा मार्ग काही नुसता काटकसरीचा नव्हता. त्याला एकच धास्ती होती. स्लॉट असणं, तो मोकळा असणं आणि कंपनी त्यात जास्तीत जास्त किती बसू देते, या तिन्ही गोष्टी दुकानातल्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेल्या असतात. मॉडेलच्या नावातला शेवटचा एक अंक बदलला तरी आतला बोर्ड बदललेला असू शकतो. बिल होण्याआधी तिथेच टास्क मॅनेजर उघडून 'स्लॉट्स यूज्ड'ची ओळ वाचायची, हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय.

"मग ठरलं?" बहिणीनं विचारलं. "स्लॉटवाला बघायचा."

"तिला विचारलंस? तिला कसा हवाय?"

"तिला काय, रंग कुठलाही चालेल म्हणाली. फक्त हलका हवाय. रोज पाठीवर घेऊन लोकलनं जायचंय."

"किती हलका?"

"बाराशे ग्रॅमच्या आत."

भाऊ हसला. त्या वजनात त्यानं गेल्या आठवडाभरात पाहिलेल्या लॅपटॉपांपैकी एकातही स्लॉट नव्हता.